काकूचा निळा कॅन

काल रोह्याच्या बाजारात पाण्यासाठी कॅन घेतला. झाकण उघडून आधी हुंगला, तेव्हा दुकानदार हसला. "नवाच हाय, ताई." असेल. माझी ही सवय धाटावच्या रस्त्याकडेच्या झऱ्यावरची आहे.

मी तेव्हा शाळेत जायचे. पिण्याचं पाणी वाडीतल्या बायका तिथूनच आणायच्या, हंड्या-कळशीच्या तोंडाला फडकं बांधून. त्या दिवशी काकू एका हातात निळा कॅन आणि कडेवर धाकटी वंदू घेऊन आली. कॅन रिकामा झाल्यावर काकांनी तो रसायनांच्या कंपनीतून आणला होता.

"घ्या गो तुम्ही हंडे डोक्यावर. आमचं पाणी आता सायकलवरून जाणार," काकू म्हणाली.

शेजारच्या म्हातारीने कॅनला नाक लावलं. "औषधाचा वास येतो गो याला."

"राखेनं घासलाय, चिंचेनं धुतलाय. वास तुझ्या नाकातच हाय!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूने कॅन भरला आणि वंदूला त्याच्या झाकणातून पाणी पाजलं. ऊन होतं. वंदू पुन्हा पुन्हा झाकण पुढे करत होती.

महिनाभर ती त्याच कॅनमधलं पाणी प्यायली. मग उलट्या सुरू झाल्या आणि त्यातच ती गेली. झरा बाधला, असं ठरलं. पुरुषांनी दगड-माती टाकून तो बुजवला. झऱ्याचं तेच पाणी हंड्यातून पिणारे आम्ही सगळे धडधाकट होतो, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

काकू त्यानंतर विहिरीवर जाऊ लागली. तोच कॅन घेऊन.