अकरा ठिकाणी एकच यादी

"म्या न्हाई पुसलं, भागवतकाका. टूलनं पुसलं."

"अन् टूल कुणी चालवलं? टूलच्या बापानं?"

"म्याच चालवलं. साहेबांला समदीकडं एकच यादी पायजे व्हती, तीच म्या पाठवली."

फोनवरचे भागवतकाका म्हणजे साखर कारखान्याच्या तीन नंबर गटऑफिसचे कारकून. गजाला कारखान्याच्या संगणक खोलीत बसती. तिचा बाप अबुबकर तिकडं तीर्थपुरीला, तीन नंबर गटातच, दोन एकर ऊस सांभाळून हाय.

गावागावांचा ऊस बघणारी अशी गटऑफिसं अकरा. दर ऑफिसात एक सर्व्हर अन् त्यावर ऊसतोडीची यादी, कुणाच्या फडात टोळी कधी जाणार त्याची. यादी लागवडीच्या तारखेनं बनायची, पण गटऑफिसात पोचली की तिला नातीगोती फुटायची. मंग कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगात टेबल आपटलं, अकरा ठिकाणी बिलकुल एकच यादी पाहिजे. गजालानं टूल बसवलं. एक हुकूम दिला की मुख्य सर्व्हरवरची यादी अकराही ठिकाणी जाणार, तिथं जे जुळत न्हाई ते पुसलं जाणार. आधी नुसती चाचणी घेतली, तर काय काय पुसलं जाईल त्याच्या सातशे ओळी पडद्यावर आल्या. तिला वाटलं, वर्षानुवर्षांचा कचरा असंल. दाबलं बटण.

त्या सातशे ओळी म्हणजे समद्यांचे सोयरेधायरे होते.

दुपारपर्यंत अकराही ऑफिसांचे फोन येऊन गेले. यादी झकास हाय, फक्त आमचं ऑफिस वगळ. टेबल आपटणाऱ्या साहेबांचासुद्धा आला. सात नंबरात त्यांची सासुरवाडी.

"काका, समदे वगळले तर पाठवू कुणाला?"

"दुसऱ्याचं सोड. तुझ्या अब्बाचा ऊस बाराव्या नंबरला व्हता, आता बघ कुठं गेला ते."

"अब्बाचा? बाराव्या?"

"म्याच वर घेतल्ता. पोरगी कारखान्यात हाय म्हणून. तुला बोललो न्हाई उगं."

गजालानं यादी उघडली. दोनशे चौदा. म्हणजे मार्च संपता संपता टोळी येणार, अन् उसाला तर आत्ताच तुरा आलेला. रोज वजन उतरून राह्यलंय. तीन नंबर वगळायला एक ओळ पुरत होती. तिनं ती लिहिली. पण तीन वगळलं तर सातला न्हाई कोणत्या तोंडानं म्हणायचं? ओळ खोडली अन् घरी फोन लावला.

"अब्बा, अपना नंबर मार्च में है."

"मार्च? भागवत तो परसों टोली भेजूं बोला था!"

"वो यादी गई."

"कौन उडाया?"

"मैं."



"नौकरी को लगे तो घर का फायदा होता बोले थे लोगां," अबुबकर म्हणाला अन् फोन ठेवून दिला.

गजालानं पुन्हा चाचणी घेतली. तासाभरात नऊ ऑफिसांत यादीवर हात फिरलेला. तीन नंबरात अबुबकर शेख पुन्हा बाराव्या जागेवर, भागवतकाकांच्या कृपेनं.

तिनं गार झालेला चहा बाजूला सारला, अकराही सर्व्हरची नावं एकदा वाचून घेतली अन् बटण दाबलं.