मिठाच्या डब्यातली वाटी

दुपारी दोन वाजता सिम्हाबाई नवगावकरांना साखर मोजायची वाटी मिठाच्या डब्यात सापडली.

साठ हामानचे कान नुकतेच ओव्हनमधून निघाले होते. ज्यूंच्या पुरीम सणाची ही तिकोनी, सारण भरलेली बिस्किटं संध्याकाळी ऑकलंडच्या सिनेगॉगमध्ये न्यायची होती. सारण मात्र अलिबागकडचं: खोबरं, रवा, खसखस, वेलची. मुलाकडे न्यू लिनला येऊन सहा महिने झाले, तेव्हा कुठे सिनेगॉगमधल्या बायकांनी त्यांच्यावर काही सोपवलं होतं. एकीने विचारलंही होतं, इंडियात पुरीम असतो का म्हणून. "होळीच्या सुमारास येतो म्हणून आम्ही त्याला होळीचा सण म्हणतो, पिढ्यान् पिढ्या करतो," असं सिम्हाबाई मोडक्या इंग्रजीत, पण ठसक्यात सांगून आल्या होत्या. आता त्याच बायकांच्या तोंडात मीठ पडलं म्हणजे?

चाखावं तर पुरीमच्या आधीचा, एस्तेर राणीच्या नावाचा उपास, अंधार पडेपर्यंत पाणीसुद्धा वर्ज्य. सारण करताना नणंदेचा फोन आला, एका कानाला फोन नि एका हातात वाटी. डबेही मेले सुनेने एकसारखेच आणलेले. एक बिस्कीट मोडून उजेडात धरलं, हुंगलं. विरघळल्यावर साखर काय नि मीठ काय! मुलगा-सून कामावर, त्यांचाही उपास. शेजारणीच्या दाराला कुलूप.

साडेतीनला नात शाळेतून आली. अकरा वर्षांच्या नेओमीला उपासाची सक्ती नव्हती, पण यंदा तिने हट्टाने धरला होता, आयुष्यातला पहिला. तिला चाखायला सांगणं सिम्हाबाईंच्या तीनदा ओठांवर आलं. स्वतःच्या नाकासाठी पोरीचा उपास मोडायचा? त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिल्या.

"आजी, व्हॉट्स राँग? सांग ना."

शेवटी सांगितलंच, आणि रडू आलं.

नेओमीने एक बिस्कीट उचललं, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "इट्स गोड, आजी. हीप्स गोड."

सिम्हाबाईंच्या जिवात जीव आला, पण लगेच मन खाऊ लागलं. सूर्य काही वायटाकेरेच्या डोंगरामागे जायचं नाव घेईना, आणि त्या काही बसेनात.

सिनेगॉगमध्ये एस्तेरची कथा वाचून झाली. कथेतल्या दुष्ट हामानचं नाव आलं की पोरं करतात तो गलकाही त्यांच्या कानांत शिरला नाही. ताटावरचं फडकं निघताच त्यांनी सगळ्यांच्या आधी एक बिस्कीट तोंडात टाकलं.

गोड होतं.

नेओमी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "इज इट गोड?"

"म्हणजे? तूच तर सांगितलंस ना?"

नेओमीने खिशातून टिश्यूत गुंडाळलेलं बिस्कीट काढलं. तिन्ही कोपरे शाबूत होते.

"अगं, आणि मीठ निघालं असतं तर?"

"देन आय वुड हॅव सेड, मी केले."

"खोटारडी," म्हणत सिम्हाबाईंनी तिला पोटाशी ओढलं. "खा आता."