गिरजाबाईच्या घरचा चेंजओव्हर

इस्तारी मोहुर्ले हा कुठल्याही शाळेत न शिकलेला वायरमन. पण गडचिरोलीपासून तासाभराच्या, जंगलाला खेटून असलेल्या त्या गावात वासरात लंगडी गाय शहाणी, म्हणून पंखा अडो की मोटार जळो, बोलावणं त्यालाच. हात चोख, तोंड कमी. एक खोड तेवढी साऱ्या गावाला ठाऊक होती. खांबावर कुणी चढलेलं दिसलं की इस्तारी वाट वाकडी करून जायचा. "वायरमन असून खांबाले भेते," असं म्हणून लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं!

तो खरंच भ्यायचा. सहा वर्षांपूर्वी वादळात तारा तुटल्या आणि गाव तीन दिवस विजेविना होतं. इस्तारीने घरी जनरेटर लावून गावभराचे मोबाईल फुकट चार्ज करून दिले. जनरेटर जोडायची पद्धत गावात सगळ्यांची एकच, आणि ती त्यानेच शिकवलेली. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घ्यायची, एक टोक मशीनमध्ये आणि दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचं. आधी मेन स्विच मात्र पाडायचा, नाहीतर मशीनची वीज उलटी बाहेर खांबावर जाते.

त्यासाठी गावाचा एक रिवाजही होता. लाईनमनचा मदतनीस कोलू खांबावर चढण्याआधी जोरात हाळी द्यायचा, "लाईन हाती घेऊन राह्यलो होऽ, मेन पाडा." ती ऐकली की मशीनवाले उठून आपापला मेन बघायचे. त्या दुपारी मशीनच्या धडधडीत इस्तारीला हाळी ऐकू आली नाही, आणि मेन पाडायचा तो विसरला होता. कोलू त्याच्याच घरासमोरच्या खांबावर होता, तो तारेला चिकटून तिथेच गेला. लोक धावत येईपर्यंत इस्तारीने मेन पाडून टाकला. चौकशी झाली. वीज कुणाच्या तरी जनरेटरची होती एवढं कळलं, पण गावात जनरेटर चार, तेव्हा नाव कुणाचंच निघालं नाही.

तेव्हापासून वीज गेली की इस्तारीला ती हाळी ऐकू यायची. भर दुपारी, जेवताना, चारचौघांत बसलेला असतानाही. हातातला घास ठेवून तो मेन बघायला उठायचा, आणि घरातल्यांना वाटायचं, माणूस फार काळजी घेणारा आहे.

या वर्षी कोलूची बायको गिरजाबाई त्याच्याकडे आली. तिची सासू रुखमाबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. वीज रोज जायची, म्हणून घरात जुना जनरेटर आणला होता.

"इस्तारी भाऊ, जनरेटरले स्विच कोणता घ्याचा ते तुमीच सांगा. आमचा पोरगा पवन म्हणते, आपोआप चालू होणारा आणू. शेजारचे म्हणतेत, खर्च कायले, दोन पिनांची वायर लाव."

"वायर नाई," इस्तारी एवढ्या मोठ्याने बोलला की ती दचकलीच. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमची जनरेटरची मशीन दोरी ओढून चालू होते. तिले आपोआपवाला कामाचा नाई. हाताच्या दांडीचा चेंजओव्हर स्विच घ्या, वैनी. मी लावून देतो."

दुसऱ्या दिवशी त्याने तो आणला आणि वीज गेलेली असतानाच बसवला. जनरेटर सुरू झाला, आत रुखमाबाईची मशीन घुरघुरू लागली. इस्तारीने दांडी दाखवली. "वर लाईन, खाली मशीन, मधात बंद. दोन्हीकडं एकदम राहूच शकत नाई. मशीनची वीज खांबावर जाणारच नाई."

"विसरला तरी?"

"विसरला तरी."

गिरजाबाईने दांडीवरून बोट फिरवलं. "त्या घरी हे असतं, तर आमचे कोलू जिवंत असते."

"असते."

"कोणतं घर होतं, भाऊ? तुमाले त समजलं असन."

नाही म्हणता आलं असतं. सहा वर्षं तो तेच करत आला होता. पण चोराच्या मनात चांदणं, त्याला वाटलं तिला ठाऊकच आहे. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने गावातला एकच वायरमन म्हणून साधा प्रश्न विचारला होता.

"माहं," इस्तारी म्हणाला. "मेन वरच राह्यला होता. मागून मीच पाडला."

आत सासूची मशीन चालली होती, तिकडे गिरजाबाईने एकदा पाहिलं.

"खांबावरून येते ती वायर कोणती?"

त्याने उघड्या डब्यातला पितळी स्क्रू दाखवला.

"हात लाव." इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत होती.

त्या स्क्रूत वीज नव्हती, टेस्टर त्याने आत्ताच लावून पाहिला होता. पण गावची लाईन कधी येईल याचा नेम नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. इस्तारीने चपला काढल्या आणि स्क्रूवर बोट ठेवलं.

"येत नाई?"

"नाई."

"त्याहिले आली होती," गिरजाबाई म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

इस्तारी बोट तसंच ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. 'सोड' असं ती बराच वेळ म्हणाली नाही.