धनसिंग आबांची धोतरं

आमच्या पारोळ्यात बाळंतपण जवळ आलं की लोक आधी डॉक्टरकडे नंबर लावतात आणि मग माझ्या आजोबांकडे. आजोबा म्हणजे धनसिंग आबा, वय त्र्याण्णव. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, भरपूर जगलेल्या माणसाच्या जुन्या धोतराचं झबलं शिवायचं, असा आमच्याकडचा रिवाज. आणि जगण्याच्या बाबतीत आबांना गावात तोड नाही. अजूनही बाजरीची भाकर कच्च्या कांद्याबरोबर खातात आणि साठीतल्या लोकांना म्हातारे म्हणतात.

हे प्रकरण वाढलं ते शेजारच्या लोटनकाकांच्या नातवामुळे. पोरगं सातव्या महिन्यातच आलं, मूठभर. त्याला आबांच्या धोतराचं झबलं घातलं आणि ते जगलं. ते महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, ही गोष्ट हळूहळू कुणी सांगेनासं झालं. सगळं श्रेय धोतराला गेलं, आणि आबांनीही ते नाकारलं नाही.

मग आबांचा भाव काय विचारता! मागायला आलेल्याला ओट्यावर ताटकळत ठेवायचे, कितवा महिना ते विचारायचे आणि पाचव्याच्या आत असेल तर परत पाठवायचे. बदल्यात कुणी कोरं धोतर आणलंच तर ठेवून घ्यायचे, पण ते पत्र्यासारखं कडक. बाळाला चालेल इतकं मऊ व्हायला आबांनी ते दोन उन्हाळे नेसावं लागे. बाळं काही दोन उन्हाळे थांबत नाहीत. त्यामुळे दोरीवर धोतरं कमी आणि ओट्यावर माणसं जास्त, अशी आमच्या घराची कायमची अवस्था.

मी पहिल्या बाळंतपणाला जळगावहून माहेरी आले ती मोबाइलमध्ये खरेदीची लांबलचक यादी घेऊनच. आईने ती वाचलीसुद्धा नाही. लंगोट, दुपटी, टोपडी तिने घरीच शिवली होती, मोहरीची उशी भरून तयार होती. राहिलं होतं फक्त पहिलं झबलं. त्यासाठीचं धोतर आबांनी दीड वर्षापूर्वीच कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलं होतं, म्हणजे मला दिवस जायच्याही आधी. आईने पेटी उघडली तर आत नुसता पाला.

झालं होतं असं की कापड दुकानवाले मदनलालजी घरी येऊन गेले होते. ज्यांच्या दुकानातून अख्खा तालुका बाळाचे कपडे नेतो, तेच आपल्या विधी नावाच्या नातीच्या बाळासाठी जुनं धोतर मागत होते. वर म्हणाले, तुमच्या धोतराची सर माझ्या दुकानातल्या एकाही मालाला नाही. आबा विरघळले. रोजच्या वापरातली दोन्ही आधीच वाटून झाली होती, म्हणून पेटीतलं काढून दिलं. स्वतः कोऱ्या धोतरात फिरत होते, चालताना खरखर आवाज करत.

आई सासऱ्यांसमोर कधी वर मान करून बोललेली नाही. ती भांड्यांशी बोलू लागली, आणि दोन दिवस स्वयंपाकघर दणाणत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही लागलं. रिवाजाला हसणारी मी, पण गावभरच्या पोरांनी जे घातलं ते माझ्याच बाळाला नाही, म्हणून मला रडू आलं. मी आबांशी बोलणं टाकलं.

माझे तीन आठवडे उरले होते. आबांनी दोन उन्हाळे तीन आठवड्यांत उरकायचं ठरवलं. अंगावरचं धोतर दिवसातून तीनदा धुवायचं, धोपटण्याने बडवायचं, वाळेपर्यंत पंचा गुंडाळून बसायचं आणि वाळलं की नेसून ओट्याच्या फरशीवर मागेपुढे सरकत राहायचं. येणारेजाणारे मूळव्याधीवर औषधं सुचवून जायचे. अठराव्या दिवशी धोतर मधोमध फाटलं. मऊ मात्र झालं नव्हतं.

घरात आणखी एक धोतर होतं, पण त्याचं नाव कुणी काढत नसे. ते माझ्या आजीने, झुंबरबाईने, आबांसाठी घेतलेलं शेवटचं. आजी होती तोवर आबांनी ते इतकं नेसलं की त्याची साय झाली. त्याला भोक पडलं तेव्हा आजीला नीट दिसत नव्हतं, तिने पांढरा समजून लाल दोऱ्याने रफू केलं. ती गेल्यापासून अकरा वर्षं आबा ते फक्त तिच्या तिथीला काढत. ते मागावं असं माझ्याही मनात आलं नाही.

धोतर फाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात मला मुलगी झाली. तासाभराने आबा दारात उभे राहिले, आणि मी ओळखलंच नाही. अंगात माझ्या वडिलांचा पायजमा होता. जन्मात पायजमा न घातलेला माणूस! नाडी नेफ्यात आत गेलेली, म्हणून एका मुठीत पायजमा धरलेला आणि दुसऱ्या हातात ते धोतर. आईने ते ओळखलं. ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत बोलली.

"आबा, हाई कापू का?"

"काप. पन तो टाका उसवू नको."

आईने तिथेच सुईदोरा काढला. झबलं लाल रफूसकट शिवलं, ते नेमकं बाळाच्या छातीवर आलं. आबा हरखून पुढे झाले, पण बाळाला घ्यायला एकच हात मोकळा. पायजमा सोडावा तर अब्रू जाते, धरावा तर पणती राहते. नर्स हसायला लागली. शेवटी मीच अबोला सोडला आणि म्हटलं, आबा, आधी बसा तरी.

ते खाटेच्या कडेला बसले, पायजमा सोडला आणि दोन्ही हातांनी बाळाला घेतलं. तिने लगेच पायजमा भिजवला. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते अंगठ्याने लाल टाके चाचपत होते.

"मी उगाच फरशी घासी," ते मला म्हणाले. "तुन्ही आजीनी झबलं आधीच शिवी ठेयेल शे."