उसणीवरचा पाय

माझी बायको नळावर घसरून पडली आणि तिची पाठ गेली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ती घसरली हे खरं. पण त्यानंतर त्याच पाठीवर मी पाय दिला, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या मावळात असं मानतात की पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते. आमच्या गावी, परंदवडीला, लहानपणापासून मी हे काम करत आलो. लावणीत वाकून पाठ धरलेली माणसं आमच्या उंबऱ्याशी येऊन पालथी निजत. मी पाय टेकवून थोडा दाबायचो. बहुतेकांना बरं वाटे आणि माझ्याहून मोठी माणसंसुद्धा उठून माझ्या पाया पडत. एरवी कुणाला चुकून पाय लागला तर त्याला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा, असं आईनं शिकवलं होतं. उसणीच्या पायाला ते लागू नव्हतं. तिथं नमस्कार मलाच मिळायचा आणि त्याची सवय लागते.

पुढं लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागलो. चाळीत दोन खोल्या मिळाल्या. दुसरं महायुद्ध तेव्हा सुरू झालं नव्हतं. श्रावणातली झड लागली होती, नळाच्या फरशीवर शेवाळ धरलं होतं. बायको भरल्या हंड्यासकट पाठीवर आपटली. शेजारच्या मावशींनी आणि आणखी दोघींनी उचलून घरात आणलं.

मावशी म्हणाल्या, "उसण भरली आसंल. वैद्य तर घरातच हाय तुझा."

"नको," ती म्हणाली. "ही उसण न्हाई. आत कायतरी मोडल्यावानी झालंय. हात लावू नका कुनी."

मला ते लागलं. गावोगावची माणसं माझ्या पायाला येतात आणि घरच्या माणसाला विश्वास नाही? बाया बघत होत्या. मी म्हणालो, "गप पड जरा," आणि तिला पालथं करून पाय दिला. ती अंग चोरायला लागली, म्हणून जास्त दाबला. पुरा भार टाकला. ती एकदाच ओरडली. मग म्हणाली, "पाय कुटं गेलं माजं?"

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासून मणक्याला इजा झाल्याचं सांगितलं. मग मला विचारलं, "पडल्यावर कुणी चोळलं, दाबलं का हिला?"

"नाही," मी म्हणालो.

ती तिथंच निजलेली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं. पडण्यानं किती झालं आणि माझ्या पायानं किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं कदाचित. पण मी त्यांना ते ठरवूच दिलं नाही.

दवाखान्यातून घरी आणताना सांगितलं होतं की लाकडी फळीवर सपाट निजवायचं, बसवायचं नाही. पायांत हळूहळू जीव येईलही, असं म्हणाले होते. तिच्या आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, माझी आई वारलेली. तेव्हा सगळं माझ्यावर आलं. पहाटे उठून चूल पेटवायची, तिच्या खाली घमेलं सरकवायचं, पुसून कोरडं करायचं, कुशीवर वळवायचं. वळवताना खांदा आणि कंबर एकदम फिरली पाहिजे, नाहीतर ती दात आवळायची. धुतलेली लुगडी आठ-आठ दिवस वाळत नसत. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवायचो, म्हणून तिच्या अंगाला सदा धुराचा वास. ऑफिसात पार्सलांवर चिठ्ठ्या डकवता डकवता डोळे मिटायचे. सोबतचे म्हणत, "बायकोचा बैल झाला हा." त्याचं मला काही वाटत नसे. दुसऱ्या गोष्टीचं वाटे.

मावशी भाजी घेऊन यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "आसा नवरा मिळायला पुन्य लागतं गं."

"व्हय मावशी," ती म्हणायची. "लय पुन्य."

मी चुलीकडं तोंड करून बसायचो. हेही सांगून टाकतो, की कधीकधी मला तिचाच राग यायचा. एकदा भाकरी करपली, तिनं न बोलता करपलेला पापुद्रा काढून बाजूला ठेवला, तर मी ताट आपटलं. तिनं एकदा भांडावं, असं मला वाटायचं. ती लवकर बरी व्हावी असंही वाटायचं, पण त्यात निम्मा स्वार्थ होता. ती चालायला लागली की माझं खोटं आपोआप मिटेल, असा हिशेब होता.

दिवाळीनंतर तिला उभं करायची परवानगी मिळाली. पाठीला वेताच्या कांब्या घातलेला जाड पट्टा आवळायचा, आणि धरून चालायला मी गावाहून आणलेला बैलाचा कासरा व्हरांड्याच्या खांबाखांबाला बांधला.

ती म्हणाली, "कासरा आनलाच हाय, तर घुंगरमाळ बी आना."

पडल्यापासून तिनं केलेली ती पहिली थट्टा. उजवा पाय तिच्या ताब्यात होता, डावा फरफटायचा. चार पावलं टाकली की घामानं पट्टा भिजायचा. मी तिच्या मागं हात पुढं धरून चालायचो, पण पाठीला हात लावायची मला भीती वाटे.

भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांत आंबी गावचा एक शेतकरी बैलगाडीतून आला. कमरेत वाकडा झालेला. ती कासऱ्याला धरून उभीच होती. तो व्हरांड्यातच पालथा निजू लागला.

"भाऊ, घाला एक लाथ. लय लांबनं आलोय."

"आता मी पाय देत नाही," मी म्हणालो.

"का वो? म्हाग झाला व्हय पाय?"

मी काही बोलणार एवढ्यात ती म्हणाली, "द्या की. त्येन्ला तरी गुन येऊ द्या."

आवाज चढलेला नव्हता. त्या शेतकऱ्याला काही कळलं नाही. मला कळलं की ती काहीच विसरलेली नाही, आणि उद्या ती खंडाळ्यापर्यंत चालत गेली तरी हे मिटणार नाही.

"दादा, दवाखान्यात दाखवा," मी त्याला म्हणालो. "माझ्या पायात काही नाही. हिची पाठ माझ्याच पायानं गेली."

तो खांबाला धरून उठला. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघून गाडीकडं गेला.

ती तशीच उभी होती. घामानं पट्टा भिजला होता, बसायची वेळ झाली होती. पण मला वाटलं, आता बसवलं तर मी परत कामाला लागेन आणि बोलायचं राहून जाईल.

"तू नको म्हणाली होतीस," मी म्हणालो. "बाया बघत होत्या म्हणून मी पाय दिला. आणि तुझ्यादेखत डॉक्टरांना खोटं सांगितलं."

"मी वाट बघत हुते," ती म्हणाली. "बोलता का न्हाई ते."

मी तिच्या मागं गेलो. पट्ट्यावरूनच, जिथं पाय दिला होता तिथं, हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. कुणाला पाय लागला की लहान मुलं करतात तसं.

"पाय लागला गं," मी म्हणालो. "माझं चुकलं."