शिक्षा देणाऱ्याचे अश्रू

श्रीहरीला वंदन करून, पत्नीच्या श्राद्धतिथीनिमित्त हे लिहितो.

ती गेली तेव्हा, ऐंशीच्या दशकात, आम्ही सिल्वासातल्या टोकरखाडा वस्तीत राहत होतो. सुतकामुळे देवपूजा बंद होती आणि मी घरात कोंडल्यासारखा बसून होतो. रडणे म्हणजे ईश्वराच्या न्यायाविरुद्ध तक्रार, असे मी मानत असल्याने डोळेही कोरडेच होते.

शेजारी राहणारे, मूळ वसईचे ख्रिस्ती शिक्षक संध्याकाळी पायरीवर येऊन बसत. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, यहुद्यांचे संदेष्टे लोकांना देवाची शिक्षा सांगत आणि त्याच लोकांसाठी रडत."

"त्यांच्या रडण्यावर देव रागावत नसे?" मी विचारले.

"रागावतो कसला? शिक्षा देताना तो स्वतःच रडायचा."

उंबऱ्याच्या आत बसल्याबसल्या मला प्रथमच रडू फुटले. ते पायरीवरच बसून राहिले.

वाचकहो, तुमच्या घरी कुणाचेही अश्रू कोंडून न राहोत. श्रीहरी तुम्हा सर्वांना सांभाळो.