माणिकच्या टेबलावरचा चष्मा

डोकं दुखतंय म्हणणाऱ्या ओल्या बाळंतिणीला, म्हणजे माझ्या सख्ख्या मुलीला, मी दवाखान्याऐवजी चष्म्याच्या दुकानात नेलं होतं. ही गोष्ट लोहारा तालुक्यात बहुतेकांना ठाऊक आहे, कारण ती सांगणारा माझा मित्र होता आणि त्याचा दवाखाना चांगला चालायचा. तो, डॉक्टर माणिक, गेल्या महिन्यात गेला. पेशंट तपासून हात धुताना खाली बसला तो उठलाच नाही. कंपाउंडरचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत होतो. "बरं," म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा फोडल्या... दाढ काढताना भूल दिली की आपल्याच गालाला बोट लावावं आणि तो दुसऱ्या कुणाचा वाटावा, तसं झालंय. खांदा दिला, राख सावडली, दहाव्याला जेवलो. भूल काही उतरत नाही.

माणिक आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. तो डॉक्टर झाला, मी विज्ञानाचा मास्तर. "तू पोरं बिघडव, मी दुरुस्त करतो," असं म्हणायचा. माझी अश्विनी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झालं, बारसं व्हायचं होतं, आणि तिचं डोकं दुखायला लागलं. जागरणानं असेल, म्हणालो. मग तिला अक्षरं अंधुक दिसायला लागली, तेव्हा माझ्यातला वैज्ञानिक जागा झाला. डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय... नंबर लागला असणार! दुकानदारानं काचा बदलून बदलून पाहिल्या आणि जांभळ्या काड्यांचा चष्मा दिला. तो लावूनही दुखणं वाढतच गेलं, पोरगी ओकायला लागली, तेव्हा कुठं तिला माणिककडं नेलं. तेसुद्धा नंबर चुकलाय का, हे विचारायला.

माणिकचा पहिला प्रश्न, "पाणी किती पिती ही?"

"अगदी बेतानं," मी अभिमानानं सांगितलं. "बाळंतिणीला पाणी बाधतं. आम्ही वाटीनंच देतो."

 त्यानं खोलीत अंधार केला, डोळ्यात उजेड टाकायचं ते छोटं यंत्र घेतलं आणि तिच्या बुबुळातून आत बघत राहिला. हा माणूस इंजेक्शन देतानासुद्धा बडबडायचा. तो गप्प झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी म्हणाला, "डोळ्यामागची नस सुजलीय. डोक्यात दाब वाढलाय. नंबर-बिंबर काय न्हाय. जीप बोलाव, सोलापूरला जायचं."

बाहेरचे पेशंट तसेच टाकून तो आमच्याबरोबर जीपमध्ये चढला. नळदुर्गच्या अलीकडं अश्विनीचा डावा हात उडायला लागला, डोळे फिरले. फीट आली होती. मी पायातला बूट काढून तिच्या नाकाला लावला. विज्ञानाचा मास्तर मी! माणिकनं एका हातानं तिला कुशीवर वळवलं आणि दुसऱ्या हातानं माझा बूट खिडकीबाहेर फेकला. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात मी एका बुटावर शिरलो.

तिथं मेंदूच्या शिरांचा एमआरआय काढला. मेंदूतलं रक्त परत खाली नेणाऱ्या शिरेत गुठळी अडकली होती, आणि तिच्यामागं मेंदूत थोडं रक्तही सांडलं होतं. बाळंतिणीचं रक्त आधीच लवकर गोठतं, त्यात आम्ही पाणी वाटीनं दिलेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू करू. मी नको म्हणालो. वर्षानुवर्षं आठवीला रुधिराभिसरण शिकवलेला माणूस! रक्त सांडलंय म्हणता आणि वर ते पातळ करता? पोरीला मारायचंय का? व्हरांड्यात एका बुटावर उभा राहून मी डॉक्टरांना विज्ञान शिकवत होतो आणि आत अश्विनीची ग्लानी वाढत होती. माणिकनं मला कोपऱ्यात ओढलं. वाटलं, आता ओरडणार. पण तो हळू बोलला.

"तुझ्या घरची मोरी तुंबली, पाणी सैपाकघरात शिरलं. घरात पाणी झालंय म्हणून मोरी तशीच ठिवशील?"

"न्हाय."

"मग? वाट तुंबली म्हणून मागं रक्त फुटलंय. ह्या इंजेक्शनानं गुठळी वाढायची थांबती, मग अंग आपली वाट हळूहळू मोकळी करून घेतं. गुठळी वाढली तर आनखी फुटंल. धोका हाय, न्हाय म्हणत न्हाय मी. पण काही न करण्यात लई जास्त हाय... पोरगी माझ्याबी मांडीवर खेळलीय, मास्तर."

मी हो म्हणालो. पोटाला सुया सुरू झाल्या, फिटचं औषध सुरू झालं. काही दिवसांनी अश्विनीनं नीट डोळे उघडले. आधी बाळ कुठंय विचारलं, मग माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "अण्णा, ह्या कुणाच्या चपला?" माणिकच्या होत्या. त्यानं दवाखान्याच्या दारातल्या टपरीवरून स्वतःला रबरी स्लिपर घेतली होती आणि मला त्याच्या चपला देऊन टाकल्या होत्या.

पुढं महिनोन्महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, वरचेवर रक्ताची तपासणी. माणिक आमच्या दारावरून जाता-येता ओरडायचा, "पोरी, पाणी!" तिची नजर पूर्ववत झाली. नंबर कधी लागलाच नव्हता.

तो जांभळा चष्मा माणिकनं मागून घेतला आणि टेबलावर बीपीच्या मशीनजवळ ठेवला. एखादी बाळंतीण डोकं दुखतंय म्हणाली आणि सोबतची सासू "जागरण झालंय वो" म्हणाली, की तो चष्मा उचलायचा. "ह्यो कुणाचा, सांगू?" मग माझी सगळी कथा, बुटासकट. मी तक्रार केली तर म्हणाला, "माणसं घाबरवली की देवऋष्याकडं जातात. हसवली की सोलापूरला जातात." आठवडी बाजारात भाजी घेताना एकदा एका बाईनं मला निरखून बघितलं. "बूटवाले गुरुजी तुमीच व्हय? आमच्या सुनंला येळंवर नेलं बघा." मी पिशवी घेऊन पळालो.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. माणिकच्या बायकोनं, वहिनींनी, टेबल आवरलं होतं. औषधांचे नमुने गेले, कॅलेंडर गेलं. चष्मा मात्र जागेवर होता, पुसलेला, दाराकडं काचा करून. मी उचलला. हाताला काहीच लागलं नाही... म्हणजे लागला, पण त्या भुलीतल्या गालासारखा.

"नेतो, वहिनी. तसा आमचाच आहे."

"ठिवा तिथंच, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात नवा डॉक्टर बसणार हाय. त्याला ह्या चष्म्याची गोष्ट मी सांगणार हाय. तुमी जन्मभर शाळंत शिकवलं, त्यातलं कुणाच्या काय बी ध्यानात न्हाय. तुमचा येडेपणा तेवढा लोकांच्या कामाला आला. तो तरी घरी नेऊ नका."